धनकोंची सभा

लिलावाचा पुकारा करणाऱ्या सहादूने माइकवर पंजा ठेवला आणि छायाच्या हातातला पेपर ओढून घेतला.

"छापलेलं हाय ना? तोंडी निरोप मी वाचत नाय. मागं एकाच्या लग्नाची तारीख चुकली, शिव्या मला बसल्या."

"आज सकाळीच छापलंय. प्रेसमध्ये मीच जुळवलंय."

तेवढ्यात रसवंत फूड्सचा हिशेबनीस कुंदन धापा टाकत मार्केट यार्डाच्या त्या केबिनमध्ये शिरला. छायाच्या प्रेसच्या मालकाने त्याला फोन केला होता : पोरगी अंक घेऊन लिलावाला गेली, आवरा तिला.

"वाचू नका, सहादूभाऊ."

"खोटं हाय का?"

"खोटं नाही. सभेची नोटीस कायद्याने दोन पेपरांत छापायची, छापली. काम संपलं."

दोन्ही पेपर कुंदननेच हुडकले होते. दोन्हींचे मिळून वाचक म्हणजे ते छापणारी माणसं. सॉस करणारी ही कंपनी बुडाली होती. उद्याच्या सभेला टोमॅटोवाले मत द्यायला आले नाहीत, तर कंपनीच्या मालकाचा मेहुणाच लिक्विडेटर होणार; कारखाना विकणार तोच आणि कोणाच्या पदरात काय टाकायचं ते ठरवणारही तोच. पोस्टाने नोटिसा धाडायच्या यादीत शेतकऱ्यांचे पत्ते 'सापडले' नव्हते. ती यादीही कुंदनचीच. त्याला लाज वाटत होती, पण मेहुण्याने त्याला नोकरीचा शब्द दिला होता.

"ह्यात धनको लिवलंय," सहादू म्हणाला. "म्हंजे कोण?"

छायाने खिडकीबाहेर बोट दाखवलं. रांगेत तिचे वडील सावळीराम क्रेटवर टेकले होते. दोन हंगाम त्यांचा सगळा माल रसवंतला गेला होता, पैसे मात्र आले नव्हते.

"ते. आणि त्यांच्या मागचे सगळे."

कुंदनने माइकची वायर पकडली. "तुझी नोकरी जाईल, छाया."

"मालकांनी तुम्हाला फोन केला तेव्हाच ती गेली."

सहादूने अडखळत वाचलं, पण भोंगा यार्डभर ऐकू गेला. उद्या बुधवार, चौदा ऑक्टोबर, सकाळी अकरा, सातपूर. लिलाव थांबला. माणसं खिडकीखाली जमली.

सावळीराम पुढे आले. "साहेब, आम्ही आलो तर बसू देतील का?"

बघू, असं म्हणून निसटता आलं असतं. कुंदनने वायर सोडली आणि माइक स्वतःकडे वळवला.

"कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्या आणा," तो म्हणाला. "पावती नसेल त्याला दारातूनच परत पाठवायचं ठरलंय. दारात मीच असणार आहे."