शांततेच्या वेळी आलेला फोन

कल्तूमा शिकायला आली आणि माझ्या घरात वरच्या खोलीत राहू लागली. सुदानमधली, दारफूरकडची. आमच्या वाखेनिंगन या डच गावातल्या विद्यापीठात ती बाजरीच्या बियाण्यांवर काम करायची. मी ऐंशीची आणि एकटी. "मला विल्मीन म्हण, अगं-तुगं कर," असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं, तर म्हणाली, "आईपेक्षा मोठ्या बाईला नावाने हाक मारली तर आई तिकडून चप्पल फेकून मारेल." झालं, मी तिची खाला, म्हणजे मावशी, झाले. वाळवलेल्या भेंडीच्या पुडीचं ती बुळबुळीत कालवण करायची. मी नाक मुरडायचे आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे.

एप्रिलमध्ये तिच्या गावाजवळच्या निर्वासितांच्या छावणीवर हल्ला झाला. तिची आई आणि चौदा वर्षांची बहीण नफीसा त्याच छावणीत होत्या. वडील आधीच गेलेले. लोक तविला नावाच्या गावाकडे पायी निघालेत, एवढंच कळत होतं. दोघींचा पत्ता नव्हता. तिकडे फोन लागत नाहीत. एखाद्याकडे उपग्रहावर चालणारं यंत्र असतं, त्याच्यासमोर रांग लावून माणसं बोलतात. कल्तूमाने वर्गात जाणं सोडलं. न्हाणीघरातसुद्धा फोन बरोबर. जेवायला बसली की घास हातातच राहायचा.

चार मे आला. त्या दिवशी आम्ही महायुद्धात गेलेल्यांना आठवतो. संध्याकाळी आठ वाजता अख्खा देश दोन मिनिटं गप्प उभा राहतो. जर्मन शिपाई माझ्या वडिलांना घेऊन गेले तेव्हा मी आईच्या पोटात होते. ते कुठे मेले, कुठे पुरले, कधीच कळलं नाही. चौकातल्या दगडावर त्यांचं नाव आहे, तिथे मी दरवर्षी अंगणातली लायलॅकची फुलं ठेवते.

"चल माझ्याबरोबर," मी म्हणाले. "घरात भिंती खायला उठतील तुला."

"मेलेल्यांच्या कार्यक्रमाला नको, खाला. आमची अजून मेलेली नाहीत."

"अगं, माझा गुडघा दुखतोय. हात धरायला कुणीतरी हवं."

गुडघ्याचं ऐकून ती उठली. "पण फोन बंद करणार नाही."

"नको करूस. आवाज तेवढा बंद ठेव."

चौक भरला होता. झेंडे अर्ध्यावर उतरवलेले. आम्ही पुढे, दगडाजवळ उभ्या होतो. बाजूला आमचा शेजारी बर्ट, छातीवर आजोबांचं पदक लावून. घंटा वाजली, तुतारी झाली आणि सगळं थांबलं. लहान मुलंही गप्प. झाडांतले पक्षी तेवढे ओरडत होते.

तेव्हा तिच्या मुठीतला फोन थरथरला.

तिने तो कानाला लावला. आधी हळू बोलली, मग मोठ्याने. पलीकडचं नीट ऐकू येत नसावं. सगळा चौक वळून पाहू लागला. बर्टने "शूऽ" केलं आणि तिचा दंड धरला. ती जागची हलेना. हलले तर लागलेला फोन तुटेल, असं तिला वाटलं असणार. तिच्या भाषेतले तेच ते शब्द ती पुन्हा पुन्हा ओरडून म्हणाली. मग फोन कानापासून काढून ती त्याच्याकडे बघत राहिली.

पुन्हा तुतारी झाली, लोक राष्ट्रगीत म्हणू लागले.

"दोन मिनिटंसुद्धा जमत नाही यांना," बर्ट पुटपुटला.

"बर्ट, तिचा हात सोड," मी म्हणाले.

माझी फुलं मी त्याच्याच हातात दिली आणि तिला घेऊन चर्चच्या मागच्या बाकावर आले. ती तोच नंबर फिरवत होती. लागत नव्हता.

"कोण होतं?"

"नफीसा. तविलाला पोचलीय. एकटी." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "वाटेत आई बसली, उठेना. पाणी शोधून आण म्हणाली. पाणी बघायला ही पुढे गेली आणि लोंढ्यात सापडली, मागे फिरता येईना. आई झाडाखालीच राहिली. आता विचारत होती, मी परत जाऊ का?"

"तू काय म्हणालीस?"

"जाऊ नकोस म्हणाले. त्या वाटेवर बंदूकवाले आहेत, पोरींना उचलतात. तिला ऐकू गेलं की नाही, कळलं नाही." मग ती माझ्याकडे वळली. "आईला तिथेच टाक असं ओरडले मी, खाला. एवढ्या माणसांसमोर. कोणाला कळलंसुद्धा नाही."

मी तिला जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी गावात मुक्तिदिनाचा धिंगाणा. ढोल, गाणी, तळलेल्या बटाट्यांचा वास. खिडक्या लावून ती नंबर फिरवत बसली होती. दुपारी लागला. यंत्राचा मालक याकूब नावाचा माणूस होता. तिने फोनचा आवाज मोठा केला आणि तो काय म्हणतो ते मला सांगत गेली.

"ती पोरगी? फोन झाल्यावर बराच वेळ बसून होती. मग दोन बाया गाढव घेऊन पाण्याला निघाल्या, त्यांच्याबरोबर गेली."

"कुठल्या बाजूला?"

"आली त्याच बाजूला, बाई."

"तिला माझं ऐकू आलं होतं का?"

"ते मला काय माहीत? ती काही बोलली नाही."

"परत आली तर सांगा..." कल्तूमा थांबली. "सांगा, मी रागावले नाही."

"सांगतो. सारखा फोन करू नका, माझी बॅटरी जाते. आली तर मीच करीन."

त्याचा फोन आला नाही. पुढे तो नंबरही बंद झाला. महिनाअखेरीस तिने बॅग भरली. शेजारच्या चाड देशात जाऊन तिथून सीमा ओलांडणार होती.

"वेडी आहेस का? शिक्षण जाईल, व्हिसा जाईल," मी म्हणाले. "तिथे जाऊन तू करणार काय?"

"विचारत फिरेन."

"तुलाही उचलून नेतील."

"तुझी आई गेली नव्हती का शोधायला?"

"गेली होती. मला पाठीशी बांधून जर्मनीपर्यंत."

"सापडले?"

"नाही."

"पण गेली ना, खाला."

बर्टनेच तिला गाडीने विमानतळावर सोडलं. उतरताना त्याने आपला जाड कोट तिच्या हातात कोंबला. तिकडे कसला कोट लागतो, हे त्या बाबाला कुठलं कळायला. तिने तो घेतला.

सीमेवरून तिचा एकदा फोन आला. मालाच्या ट्रकमध्ये जागा मिळाली होती. त्यानंतर नाही. आता ऑगस्ट संपत आलाय. विद्यापीठातून मला विचारतात, वरची खोली दुसऱ्या कोणाला द्यायची का. मी म्हणते, खोलीत माणूस आहे.