फियाटचा डावा दिवा

मी एक जुना दिवा आहे, मलईरंगी फियाटचा डावा दिवा. उजवा दिवा माझा जुळा भाऊ. पण तो आपल्याच उजेडात मश्गूल असतो, म्हणून आमची हकीकत मलाच सांगावी लागते.

मित्रांनो, माझी काच कोणत्या कारखान्यात ओतली गेली ते मला आठवत नाही. आठवतो तो खंडाळ्याचा बंगला. बंगल्याचे शेठ मागच्या सीटवर बसत आणि सोमाटण्याचे दत्तोबा गाडी चालवत. घाटात धुके उतरले की पुढचा रस्ता पुसल्यासारखा होई. दत्तोबा आम्हाला डिपरवर घेऊन गाडी हळूहळू काढत आणि शेठ मागून म्हणत, "दत्तोबा, तुझे दिवे झकास आहेत." खरे तर दिवे शेठचे होते, पण दत्तोबा फुलून जात आणि आम्हीही. पुढे शेठ लेकाकडे परदेशी गेले. जाताना गाडी दत्तोबांच्या नावावर करून गेले.

सोमाटण्यात गाडी घराच्या भिंतीला लागून उभी राही. उजवी बाजू भिंतीकडे, डावी अंगणाकडे. त्यामुळे लाड माझेच झाले. दर अमावास्येला दत्तोबा बॉनेट उघडत, इंजिनाला आणि बॅटरीला हळदकुंकू लावत आणि मग माझ्या मागच्या पत्र्यावर तीन बोटे टेकवत. नारळ फोडला की पाणी आधी माझ्यावर. उजव्यापर्यंत हात नीट पोचत नसे, त्याला लांबूनच चार थेंब मिळत. तो कुरकुरे, मी मिरवत असे. दत्तोबांच्या पत्नी अंबूबाई ओसरीवरून म्हणत, "माझ्यापरीस त्या दिव्याचं कवतिक जास्त!"

मग मी मंद होऊ लागलो. आधी पिवळा झालो, मग तांबूस, मग विझत आलेल्या विडीसारखा. उजवा मात्र लख्ख. दत्तोबांना वाटले, मला नजर लागली. त्यांनी आणखी एक नारळ फोडला आणि सगळे पाणी माझ्यावर ओतले.

गेल्या हिवाळ्यात दत्तोबा झोपेतच गेले. माणसे आली, बसली, उठून गेली. अंबूबाई रडल्या नाहीत. शेजारणी म्हणत, "रड बाई, मोकळी हो." त्या "व्हय" म्हणत आणि भांडी घासायला बसत. तोपर्यंत मी पुरता विझलो होतो. दुःख झाले का, असे तुम्ही विचाराल. खरे सांगतो, काहीच वाटत नव्हते. काचेवर धूळ बसली काय आणि बॉनेटवर कोंबडी बसली काय, मला सगळे सारखेच.

उन्हाळ्यात गाडीचे पासिंग आले. दत्तोबांची लेक सृष्टी नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरी जोडते. ती म्हणाली, "आई, दोन्ही दिवे लागले तर पासिंग होईल. न्हाईतर भंगारवाल्याला देऊ. आबांची गाडी अशी दारात कुजत ठेवायची का?" अंबूबाईंनी समोरचे ताट तसेच बाजूला सारले.

सुट्टीच्या दिवशी सृष्टीने हायवेवरच्या भिमाजी वायरमनना बोलावले. त्यांनी माझा बल्ब बदलला. मी लागलो नाही. फ्यूज बदलला, डिपरचे बटण उघडून साफ केले. तरीही नाही. मग त्यांनी टेस्ट लॅम्पचा चिमटा बंपरला लावून त्याचे टोक माझ्या होल्डरला टेकवले, तर तो झटकन पेटला.

"करंट तर हितवर येतोय," ते डोके खाजवत म्हणाले. "मग ह्यो लागत का न्हाई? लय हट्टी हाय."

"परत जायला वाट न्हाई त्याला, काका," सृष्टी म्हणाली. तिने एक लांब वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला लावले आणि दुसरे माझ्या काळ्या वायरीला टेकवले. मी भक्कन पेटलो. तिने हात काढताच विझलो. "बघा, अर्थिंग गेलंय."

मित्रांनो, वीज दिव्यात नुसती येऊन भागत नाही. तिला गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परतही जावे लागते. माझी काळी वायर ज्या स्क्रूने पत्र्याला कसलेली होती, तिथूनच ती वाट सुरू होत होती. दोघांनी वायरीचा माग काढला. स्क्रू दिसेना. त्याच्यावर हळदकुंकवाचा जाड थर बसला होता. नारळाचे पाणी त्यात मुरले होते आणि खाली गंज चढला होता. सगळ्यात वर दत्तोबांची तीन बोटे स्पष्ट उमटलेली होती.

सृष्टीने गंज घासायला हातात घेतलेला पॉलिश पेपर खिशात घातला. भिमाजी अंबूबाईंकडे बघून हलक्या आवाजात म्हणाले, "वैनी, हे असंच ऱ्हाऊ द्या. मी वायर दुसरीकडं कसतो. पासिंगचं काम हुईल."

अंबूबाई ओसरीवरून उतरून आल्या आणि वाकून पाहू लागल्या. "खालनं पत्रा खातोय का ह्यो गंज?"

"खातोय की. फुडं भोक पडंल."

"मग आण तो कागद हिकडं."

"आई, मी करते ना."

"जपायला कुंकू लावलं हुतं त्यांनी. गाडी खायला न्हाई."

त्या घासू लागल्या. आधी बोटांचे ठसे गेले. मग हळद, मग कुंकू, मग गंज, आणि शेवटी पत्र्याची चकाकी दिसली. त्यांची बोटे लालभडक झाली. दत्तोबा गेल्यापासून त्या बोटांना कुंकू लागले नव्हते. आता लागलेले कुंकू होते की गंज, ते कोणालाच सांगता आले नसते.

भिमाजींनी स्क्रू कसला. सृष्टीने बटण दाबले आणि मी लागलो. भर उन्हात दिव्याचा उजेड तो किती दिसणार? म्हणून अंबूबाईंनी माझ्या काचेवर तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला. काच तापायला वेळ लागतो.

"गरम हाय," त्या म्हणाल्या. मग, "गरम हाय की गं," म्हणत बंपरला धरून खाली बसल्या आणि मोठ्याने रडू लागल्या. शेजारच्या बायका दारात आल्या. सृष्टीने माझे बटण बंद करायला हात नेला, तर भिमाजींनी तिला अडवले. "ऱ्हाऊ दे गं पेटता. बॅटरी उतरली तर मी चार्ज करून दीन."

गाडी पास झाली. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादे माणूस असेच मंद होत गेले असेल. तर त्याच्यावर आणखी काही ओतू नका. त्याच्याजवळ जा, वाकून बघा, त्याची परतीची वाट कुठे बुजली आहे ते.