दोनदा मोजलेलं रक्त

मी रक्तपेशी मोजणारं यंत्र बोलतोय. मी पांढऱ्यावर काळं छापतो, म्हणून लोकांना ते खरंच वाटतं. माझं विचाराल, तर मी जरा बिचकूनच छापतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा अंगावर ओरखडा नव्हता. पहिली सहा वर्षं एका मोठ्या प्रयोगशाळेत काढली. तिथं नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी या लहानशा इस्पितळात, जिन्याखालच्या खोलीत झाली. इथल्या तंत्रज्ञ बाईंना सगळे ताई म्हणतात. गेल्या हिवाळ्यात एका नळीत रक्ताची बारीक गुठळी होती. ती मला ओळखता आली नाही आणि मी भलताच आकडा छापला. एका आजोबांना उगाच तीन दिवस झोपवून ठेवलं. तेव्हापासून डॉक्टर माझा कागद चिमटीत धरतात.

यंदा फ्लूची साथ आली. एका सकाळी, फ्लूनं वर दाखल झालेल्या, पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांची नळी आली; माणूस अंगापिंडानं दणकट. ताप उतरलेला, घरी जायची घाई. त्यांचं रक्त ओढलं आणि मी चपापलो. विषाणूशी झुंजणाऱ्या लिम्फोसाइट पेशी शंभर पांढऱ्या पेशींत वीस-तीस तरी असायच्या, त्या सहाच! फ्लूमध्ये त्या अशा घसरल्या की आजार बळावण्याची भीती असते.

"हे धूड पुन्हा बरळलं," डॉक्टर म्हणाले. "माणूस बघा की, घोड्यासारखा आहे!"

"शेजारच्या खाटेवरची नळी तर नाही ना आली?" ताईंनी नावं ताडून पाहिली. त्यांना माझा संशय, नर्सचा संशय, स्वतःचाही संशय. त्या वर जाऊन पुन्हा रक्त घेऊन आल्या. मागोमाग मास्तरांची थोरली बहीण तरातरा जिना उतरली.

"पुन्हा रक्त? बरा झालेला माणूस अडकवून ठेवायचा डाव आहे तुमचा!"

"अक्का, संशय मलाही आहे. म्हणून तर यंत्रावर सोडत नाही. बसा इथं, माझ्यासमोर."

ताईंनी थेंब काचेवर पसरला, रंगवला, आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेक पांढरी पेशी मोठ्यानं मोजायला घेतली. अक्काही ओठ हलवत मोजत होत्या. खरं सांगतो, मी चुकलेलो असावं असंच मला वाटत होतं.

शंभर झाल्या. "सात," ताई म्हणाल्या. अक्का उठल्या आणि भावाला थांबवायला वर गेल्या.

मास्तर राहिले, पण धुसफुसत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना धाप लागली, ओठ निळसर पडले. प्राणवायू उशाशीच होता, म्हणून निभावलं. अकरा दिवस अक्का खाटेशेजारच्या बाकावरून हलल्या नाहीत.

घरी जाताना मास्तर भिंतीचा आधार घेत खाली आले. "माझी चुगली कोणी केली, दाखवा तरी."

ताईंनी माझ्याकडं बोट केलं. त्यांनी मला वरखाली न्याहाळलं. "हा होय? चेहऱ्यावरून वाटत नाही."

आता माझा पंप खरखरतो, सुटे भाग मिळत नाहीत. लवकरच मला उचलतील. मागणं एवढंच, माझ्या जागी येईल त्याच्यावरही असाच संशय घ्या. पण संशय आला म्हणून कागद फेकू नका. पुन्हा रक्त घ्या, पुन्हा मोजा.

आणि ताई, जरा इकडं या. आत्ताच्या नळीचा आकडा मला जरा जास्तच चांगला वाटतोय.