पंचेचाळीस मीटर तार

सकाळी यंत्र अगदी शहाण्यासारखं वागलं. सुतारखान्याच्या छपरावरच्या सौर पॅनेलचा इन्व्हर्टर सुरू झाला, बाहेरून येणाऱ्या विजेशी त्याने ताल जुळवला, खट् आवाज झाला आणि हिरवा दिवा लागला. सुतार खूश. पॅनेल बसवणाऱ्या थोरल्या लेकीने सुटकेचा सुस्कारा सोडला. स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेलं हे तिचं पहिलंच काम, आणि आज मदतनीस कोण, तर खुद्द तिचे वडील.

दहाला ऊन चढलं आणि नखरे सुरू झाले. इन्व्हर्टर ग्रिडशी जोडला जायचा, पाच मिनिटं चालायचा, की 'व्होल्टेज जास्त' असं दाखवून सुटायचा. पुन्हा मोजणी, पुन्हा जुळणी, पुन्हा खट्. चार वेळा तेच. सुतार बिचारा दर वेळी रंधा थांबवून वर बघायचा, आणि ते तिला फार लागायचं.

बाबा स्टुलावर बसून होते. तीस वर्षं वायरिंग केलेला माणूस, कामाला कुणी कधी नावं ठेवली नव्हती. त्यांचं म्हणणं सोपं होतं: सेटिंगमध्ये जाऊन मर्यादा वाढव आणि मोकळी हो.

तिला ते दोन मिनिटांत जमलं असतं. पण तिने मल्टिमीटर घेतला. इन्व्हर्टरपाशी मोजलं, दोनशे छप्पन्न. पार फाटकाजवळच्या मेन बोर्डावर मोजलं, दोनशे एकेचाळीस. म्हणजे पंधरा व्होल्ट मधल्या पंचेचाळीस मीटर तारेतच वाढत होते. ही तार बाबांनी वीस वर्षांपूर्वी सुतारखान्यातल्या दोन दिव्यांसाठी टाकलेली. काम ठरलं त्या दिवशीच, नवी टाकूया असं ती म्हणाली होती. माझ्या हातची तार आहे, तिला काय धाड भरलीय, असं ते फटकन म्हणाले, आणि हिने माघार घेतली. तेच आता तिला खात होतं.

सुतार समोरच उभा होता. तरी ती बोलली.

"बाबा, तार बारीक पडतेय. दिव्यांना पुरत होती. आता एवढी वीज तिच्यातून बाहेर ढकलायची, म्हणून या टोकाला व्होल्टेज चढतं. मर्यादा वाढवली तर व्होल्टेज आणखी चढेल आणि यांच्या इथल्या यंत्रांच्या मोटरी जळतील. मी त्याच दिवशी अडून बसायला हवं होतं."

बाबा स्टुलावरून उठले. मल्टिमीटर घेतला, चष्मा नाकावर चढवला आणि दोन्ही टोकांना मोजून आले. मग परत जाऊन पुन्हा मोजलं, हट्टी माणूस. आकडे काही बदलले नाहीत. सुतार उगाचच एका फळीवरचा भुसा झटकत राहिला.

बाबांनी दोन्हीकडचे स्विच पाडले, टेस्टर लावून खात्री केली, पक्कड काढली आणि भिंतीवरची ती तार कापली.

"किती जाडीची टाकायची?" त्यांनी थोरलीला विचारलं.

हा प्रश्न त्यांनी आजवर कुणालाच विचारला नव्हता.

"दहा एमएमची," ती म्हणाली, आणि त्यांची शिडी धरायला पुढे झाली.