मेट्रनबाईंच्या चुरगळलेल्या नोटा

मेट्रनबाईंना मळकी नोट आवडायची, आणि नोटा जमवणाऱ्यांच्या मंडळात याहून मोठं वेड दुसरं नव्हतं. बाकीचे सभासद कोरी करकरीत नोट दिसली की पाघळायचे. बाई मात्र विक्रेत्याला सरळ विचारायच्या, "याहून वाईट आहे का एखादी?" माल खराब आहे म्हणून ज्याच्यापुढे ओशाळावं लागत नाही, असं हे एकच गिऱ्हाईक त्या बिचाऱ्यांना ठाऊक होतं.

त्यांच्या संग्रहात फक्त क्रोएशियाच्या नोटा होत्या, त्याही दुसऱ्या महायुद्धातल्या. कुना नावाचं ते चलन युद्ध संपलं आणि रद्दीत गेलं. ते काढणाऱ्या राजवटीनं माणसांचे हाल हाल केले होते. तिचं बाईंना काडीचंही कौतुक नव्हतं. कौतुक होतं ते नोटा जपून ठेवणाऱ्या हातांचं.

या नादाची सुरुवात बाईंच्या हॉस्पिटलात, पुरुषांच्या वॉर्डात झाली. तिथं एक म्हातारा क्रोएशियन खलाशी बरेच दिवस पडून होता. लहानपणी देश सोडताना त्याच्या आईनं शंभर कुनांची नोट दुमडून दुमडून नखाएवढी केली होती आणि त्याच्या कोटाच्या कॉलरमध्ये शिवली होती. ती कधी खर्च झालीच नाही. बरा होऊन घरी जाताना त्यानं ती बाईंच्या हातावर ठेवली. "घडी आईनं घातलीय," एवढंच म्हणाला. तेव्हापासून बाईंना घडी दिसली की नोट घ्यावीशी वाटे.

मंडळाच्या प्रदर्शनात दरवर्षी स्पर्धा असायची, सगळ्यात चांगल्या फ्रेमला कप मिळायचा. बाईंची फ्रेम मात्र संडासाकडे जाणाऱ्या बोळात लागायची. दरवर्षी बाई भांडायच्या. यंदा कमिटी थकली आणि दारासमोरची जागा देऊन मोकळी झाली. बाईंनी ही बातमी दूधवाल्यापासून वरच्या मजल्यावरच्या बहिऱ्या आजोबांपर्यंत सगळ्यांना सांगितली. "आई, आता दवंडी तेवढी राहिलीय," लेक म्हणाली.

जावई बायंडर होता. स्वतःचं छोटंसं दुकान, बोटांना कायम खळ लागलेली, बोलणं मोजकं. सासूबाईंसाठी काहीतरी करावं असं त्याला फार वाटे, पण संधी मिळत नव्हती. यंदाची फ्रेम मीच करतो, असं त्यानं आपणहून सांगितलं. बाईंनी विश्वासानं आल्बम दिला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी तो टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम घेऊन आला. टॉवेल काढताना त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

"एकसुद्धा सुरकुती ठेवली नाही, आई. जरासं दमट करून टिपकागदात घातल्या आणि प्रेसखाली दाबल्या. बघा तरी."

बाईंनी बघितलं. सगळ्या नोटा इस्त्रीच्या रुमालासारख्या सपाट. वॉर्डात काय काय पाहूनही ज्या बाईंचा चेहरा कधी हलला नव्हता, त्या मटकन खुर्चीत बसल्या.

आधी बोलली ती लेक. "अहो, काय केलंत हे! घड्यांसाठीच तर जमवते ती. आणि दाबलेली नोट न सांगता मांडली तर मंडळात ती फसवणूक समजतात. सभासदाचं नाव काढून टाकतात."

जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. "मला वाटलं, खराब झाल्यात. दुकानात चुरगळलेला कागद आला की आमचा हात आपोआप प्रेसकडे जातो." मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "मी मंडळात जाऊन सांगतो. तुम्हाला कुणी खोटं म्हणायला नको."

बाईंना राग आला होता, चांगलाच आला होता. पण हा माणूस आपल्या नावासाठी स्वतःचं नाक कापून घ्यायला निघालाय, हेही त्यांना दिसत होतं. त्या उठल्या आणि ड्रॉवरमधून जुना टॉर्च काढला. सुई द्यायला पेशंटच्या जाड हातावरची शीर सापडेना की त्या टॉर्च असा तिरका धरायच्या, की कातडीवरचा बारीकसा उंचवटासुद्धा दिसायचा.

"खिडकी लावा, जावईबापू."

अंधारात त्यांनी टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून प्रकाश आडवा टाकला. शंभर कुनांच्या नोटेवर एक बारीक सावली उमटली, मग तिला छेदणारी दुसरी, मग सगळ्या चौकटीच्या चौकटी. खलाशाच्या आईची घडी जागच्या जागी होती.

जावई गुडघ्यांवर बसला. "कागदाचे तंतू मोडलेत तिथं," तो म्हणाला. "आता कितीही दाबा. दुकानातल्या वडिलांच्या वेळच्या अवजड प्रेसनंसुद्धा हे जायचं नाही."

"मग पुसता येत नाही ते दाखवायचंच," बाई म्हणाल्या.

दुपारभर खपून त्यानं फ्रेमभोवती लाकडी पेटी केली, आतून काळा कागद लावला, एका कडेला छोटा दिवा आणि बाहेर बटण बसवलं. बाईंनी कार्ड लिहिलं: 'या नोटा दाबून सपाट केल्या आहेत. घड्या पाहायच्या असतील तर दिवा लावा.' कुणी दाबल्या, तेही लिहा, असं जावई म्हणाला. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

प्रदर्शनात अध्यक्षांनी कार्ड वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, ही फ्रेम स्पर्धेत बसत नाही."

"नका बसवू. इथून हलवायची मात्र नाही."

लोक येत होते, बटण दाबत होते, वाकून बघत होते आणि मागच्याला बोलावत होते. दारात गर्दी तुंबली. शेवटी अध्यक्षही वाकले, आणि बराच वेळ वाकूनच राहिले. सरळ होत त्यांनी विचारलं, "पण या दाबल्या कुणी?"

बाईंनी तोंड उघडायच्या आत जावई पुढे आला. "मी दाबल्या. बायंडर आहे मी. यांना काहीच माहीत नव्हतं."

"आणि ही पेटी?"

"तीही यांनीच केली," बाई म्हणाल्या. "हे माझे जावई." वॉर्डच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जाईल असा तो आवाज होता.

त्यानंतर जावई फ्रेमपाशीच उभा राहिला. दर नव्या माणसाला तो आधी सांगायचा, "दाबल्या मी," आणि मग दिवा लावायचा. कोटाच्या कॉलरची गोष्ट बाई सांगायच्या. दोघांना पाणी प्यायचीसुद्धा आठवण राहिली नाही.

संध्याकाळी लेक कामावरून परस्पर हॉलवर आली, तेव्हा खुर्च्या उचलायचं काम चाललं होतं.

"कप कुणाला मिळाला?" तिनं विचारलं.

सासू-जावई एकमेकांकडे बघत राहिले. दोघांनाही ठाऊक नव्हतं.