गिळरानातली झोपडी

शोभा गेली तेव्हा तिची झोपडी गिळरानात उभी होती, आणि आत खाटेवर ती झोपलेली होती.

हे नीट सांगायला हवं. शोभा माझी बायको. इथे अमेरिकेत, प्लेनोतल्या एका हॉस्पिटलात नर्स होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती घरी बसून कंटाळली, तेव्हा आमच्या सोनलने, म्हणजे मुलीने, तिला कॉम्प्युटरवर एक गेम लावून दिला. खूप लोक आपापल्या घरून एकाच वेळी तो खेळतात. त्यात एक मोठी खोटी दुनिया आहे. गावं आहेत, नद्या आहेत, बाजार आहे. दक्षिणेला जंगल आहे. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, मला कधी पाठ झालं नाही. शोभा त्याला गिळरान म्हणायची, कारण आत गेलेला माणूस सहसा परत येत नाही. दलदल आहे, पाय धरून ओढणाऱ्या मुळ्या आहेत, आणि घराएवढा उंच एक प्राणी आहे. तो हळूहळू चालतो, पण वाटेतलं सगळं चिरडतो. शोभा आणि तिच्याबरोबर खेळणाऱ्या बायका त्याला आजोबा म्हणायच्या. "गप, आजोबा आले," असं शोभा हेडफोन लावून कुजबुजायची आणि मला स्वयंपाकघरात हसू यायचं.

बाकीचे लोक गावात घर बांधतात. शोभाने गिळरानात बांधलं. का, असं विचारलं तर म्हणाली, "गावात फार गर्दी. शांत झोप लागत नाही."

या गेमचा एक नियम आहे. आपण कॉम्प्युटर बंद केला तरी आपलं माणूस तिथून नाहीसं होत नाही. जिथे सोडलं तिथे झोपून राहतं. झोपेत एखाद्या जनावराने मारलं तर ते कायमचं संपतं. म्हणून घर मजबूत लागतं.

एका शनिवारी शोभाने गेम बंद केला, पाठ दुखतेय म्हणाली. सोमवारी आम्ही हॉस्पिटलात होतो. त्यानंतर ती घरी आली नाही.

सगळं आटोपल्यावर प्रीताचा फोन आला. प्रीता मूळची अकोल्याची, इथून लांब, मॉरिसव्हिलला फार्मसीत काम करते. शोभाची आणि तिची प्रत्यक्षात एकदाच भेट झाली होती, पण दर शनिवारी दुपारी त्या गेममध्ये बरोबर असायच्या.

"भाऊ, कसं सांगू कळत नाही," ती म्हणाली. "ताई अजून तिथंच आहे. मी जाऊन छप्पर नीट करून येते. तुम्हाला चालेल ना?"

मला काहीच कळलं नाही. मग सोनलने समजावून सांगितलं. शोभाचा पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. तिला तिथून उठवून गावात नेणं शक्य नव्हतं. पण जाऊन बघता येत होतं. मी सोनलला म्हटलं, मलाही एक माणूस काढून दे.

"बाबा, आर यू शुअर? यू हेट गेम्स."

"खेळायला नाही," मी म्हटलं. "भेटायला."

पुढचे काही शनिवार प्रीताने मला चालायला शिकवलं. मी गावातल्या विहिरीत पडलो. बाजारात एका माणसाच्या टोपल्या तुडवल्या, तो इंग्रजीत शिव्या घालत माझ्या मागे धावला.

"भाऊ, तुम्ही त्याच झाडाला पुन्हा धडकताय."

"ते मधे येतंय."

"झाड कसं मधे येईल हो? माउस हलवा. मान नका हलवू, तुमची मान मला थोडीच दिसते!"

शेवटी तिने मला गिळरानात नेलं. ती पुढे, मी मागे. तिने सांगितलं तिथे थांबायचं, तिने सांगितलं तेव्हा पळायचं. एकदा जमीन हादरली, आणि आजोबा लांबून गेले. मी घरात खुर्चीवर बसलेलो होतो, तरी श्वास रोखून धरला.

झोपडी मला दिसलीच नाही. नुसता वेलींचा ढिगारा दिसला. प्रीताने एक फांदी उचलली, आम्ही आत गेलो, आणि तिने ती फांदी पुन्हा जागेवर सोडली.

आत शोभा झोपली होती. गेममधल्या आपल्या बाईला तिने हिरवा झगा घातला होता, केसांचा अंबाडा घातला होता. कुशीवर, एक हात गालाखाली. गेममध्ये सगळेच असे झोपतात, हे प्रीताने मला नंतर सांगितलं. पण शोभाही तशीच झोपायची. छाती वरखाली होत होती. प्रीता म्हणाली, "मी बाहेर थांबते."

त्यानंतर शनिवारची मी वाट बघू लागलो. जेवण वेळेवर व्हायला लागलं. सोनल म्हणाली, बाबा, तुमचा आवाज बदललाय.

मग प्रीता भाचीच्या लग्नाला अकोल्याला गेली. जाताना म्हणाली, छप्पर महिनाभर टिकेल, मी आल्यावर जाऊ. पण मला आता वाट पाठ झाली होती. मी एकटा निघालो. दोनदा चुकलो, दलदलीत कमरेपर्यंत गेलो, पण पोचलो. मला स्वतःचा अभिमान वाटला.

माझी सगळी नोकरी इथल्या एका वीज कंपनीत झाली. तारांच्या आसपास झाडं वाढू द्यायची नाहीत, हे बघणं माझं काम होतं. वेल खांबावर चढली की पुढे काय होतं ते मी पुष्कळ पाहिलंय. घरीही तसंच. आमच्या वसाहतीत गवत जरा वाढलं की असोसिएशनचं ताकीद देणारं पत्र येतं. मला असं पत्र एकदाही आलेलं नाही.

झोपडीवर वेलींचं ओझं बघून मला वाटलं, प्रीताला एकटीला कुठे वेळ मिळणार. मी कोयता काढला. भिंतींवरच्या वेली उतरवल्या, छप्पर मोकळं केलं, दारापुढचं अंगण साफ केलं, नदीपर्यंत सरळ वाट काढली. सगळी दुपार गेली. झोपडी पहिल्यांदाच पूर्ण दिसली. खिडकी होती तिला, मला माहीतच नव्हतं. उन्हाची तिरीप शोभाच्या पायावर पडली होती.

मी त्याचा फोटो प्रीताला पाठवला. खाली लिहिलं, 'बघ, तुझ्या ताईचं घर कसं चकाचक केलं.' अकोल्यात तेव्हा रात्र होती. इथे संध्याकाळी, म्हणजे तिकडे पहाटे, मी चहा ठेवला होता तेव्हा तिचा फोन आला.

"भाऊ, वेल कुठे गेली?"

"काढली की. कसलं रान माजलं होतं."

तिच्या मागे मांडवातली भांडी वाजत होती.

"भाऊ, ती माजलेली नव्हती. ताईने लावली होती. एकेक फांदी आणून, दोन वर्षं. त्या वेलीचा वास आजोबांना सहन होत नाही, म्हणून ते तिकडे वळत नाहीत. म्हणून तर ती तिथे झोपू शकायची." मग तिचा आवाज चढला. "मला विचारायचं ना हो! एक फोन करायचा होता!"

मी चहा तसाच सोडून कॉम्प्युटरपाशी गेलो. अकोल्यातलं इंटरनेट बरं नव्हतं, प्रीताला गेममध्ये येता येईना. ती फोनवरून वाट सांगत होती आणि मी पळत होतो. "डावीकडून जा, दलदल टाळा. दिसतंय का काही?" मी काढलेली वाट लांबूनच दिसली, सरळ आणि स्वच्छ. तिच्यावर मोठमोठ्या पावलांचे खड्डे होते. खड्डे थेट झोपडीपर्यंत गेले होते.

झोपडी नव्हती. फळ्या होत्या. खाटेच्या जागी दगडांचा छोटा ढीग होता. कुणी संपलं की गेम तिथे असा ढीग ठेवतो आणि वर नाव लिहितो. बाकीचे लोक राजे, राक्षस अशी नावं घेतात. हिने आपलं स्वतःचंच घेतलं होतं.

"भाऊ? बोला ना. भाऊ?"

"गेली," मी म्हटलं.

सोनलने कंपनीला लिहिलं. संपलेलं माणूस परत आणता येत नाही, असं उत्तर आलं. "यू डिडन्ट नो, बाबा," ती म्हणाली. प्रीतानेही नंतर मेसेज केला, रागात बोलले, मनावर घेऊ नका. दोघी बरोबर आहेत. पण ती वेल दोन वर्षं माझ्याच घरात, पलीकडच्या टेबलावर लावली जात होती. जेवताना शोभा सांगायची, आज अमुक फांदी मिळाली, आज तिने मूळ धरलं. मी हो हो म्हणायचो आणि भाजी वाढून घ्यायचो.

प्रीता परत आल्यावर आम्ही एकदा गेलो. तिने कुठून तरी त्या वेलीची फांदी आणली होती.

"कशी लावायची?" मी विचारलं.

"मातीत खोचायची आणि मग हात लावायचा नाही. जमेल?"

मी ती दगडांच्या कडेला खोचली. आता तिथे राखायला काही उरलं नाही, हे मला कळतं. तरी शनिवारी जातो. वेल वेडीवाकडी वाढली, अर्धी जमिनीवर, अर्धी दगडांवर. मागच्या वेळी एक फांदी नावावरून गेली होती, 'शो' एवढंच दिसत होतं. एवढी एक फांदी बाजूला करावी असं फार वाटलं. या शनिवारी गेलो तर नाव दिसतच नव्हतं.

कोयता मी आता गावातच ठेवून जातो.