मालोजीचा जनरेटर

दर मंगळवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत वीज जाणार, असं वेळापत्रक आलं आणि मालोजीने चिकनच्या दुकानासाठी जनरेटर आणला. दुकान घराच्या पुढच्या भागात, तिथेच त्याचा संसार. मागच्या दोन खोल्यांत धाकटा भाऊ हर्षद, त्याची बायको अनुपमा आणि आई प्रयागबाई. जनरेटर ठेवला मधल्या बोळात, धुराचं तोंड मागच्या खिडकीकडे.

महाडच्या एमआयडीसीतून रात्रपाळी करून आलेला हर्षद त्या धडधडाटाने उठला आणि तणतणत बाहेर गेला.

"दादा, हा रस्त्याकडं ने."

"मग गिऱ्हाईक उभं कुठं राहील? तुझ्या डोक्यावर?"

"आयेला खोकला हाय."

"खिडकी लाव. फ्रीजरमधला माल सडला तर तू खाणार हायेस काय?"

हर्षदने जनरेटरला लाथ घातली. मालोजीने त्याची मानगूट धरली. अनुपमाने कसंबसं दोघांना सोडवलं.

अनुपमाची मागच्या दारी पिठाची गिरणी होती. संध्याकाळी वीज आल्यावर मालोजीची बायको सेजल भाकरीचे तांदूळ घेऊन आली. अनुपमाने डबा हातातसुद्धा घेतला नाही.

"जनरेटर हाय ना तुमच्याकडं? त्याच्यावर दळा."

सेजल डबा आपटत निघून गेली. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं.

पुढच्या मंगळवारी पाऊस तिरका लागला होता. खिडकी, दार, सगळं लावलेलं. अनुपमा बाजारातून आली तर खोलीत धूर कोंडलेला, प्रयागबाई हाका मारून उठेना. हर्षद उठला, पण भिंत धरून खाली बसला. अनुपमा किंचाळली. हातातली सुरी टाकून मालोजी धावत आला आणि आईला उचलून रस्त्यावर घेऊन गेला. तोंडावर पाऊस पडला तशी ती ओकली आणि तिने डोळे उघडले.

दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. भाऊ तिच्या खाटेशीच जुंपले.

"धूर कोंडून घेतलात तुम्ही!"

"खिडकी लाव कोण बोललेला?"

"आयेला एकटं टाकून बायको बाजारात फिरते तुझी!"

प्रयागबाईने तोंडावरचा मास्क ओढून काढला.

"मला रेश्माकडं सोडा."

रेश्मा तिची मुलगी, हिरकणीवाडीला दिलेली.

"तिकडं पण वीज जाते, आये," मालोजी म्हणाला.

"जाऊ दे. पंखा नसला तर पदरानं वारा घेईन. तुमच्या दोघांच्या मधी मी मरायची नाय."

रेश्मा रिक्षा घेऊन आली. मालोजीने आईची पिशवी धरली, हर्षदनेही धरली. दोघेही सोडेनात. शेवटी पिशवी तशीच त्यांच्या हातात ठेवून प्रयागबाई रिक्षात बसली. रेश्माने विचारलं, "कपडे गो?"

"तुझं एखादं लुगडं दे. चल."

मालोजीने जनरेटर दुकानापुढे हलवला, पण हर्षदशी तो बोलला नाही. सेजल आता दळण महाडला नेते. अनुपमाने दोनदा हिरकणीवाडीला फोन केला. दोन्ही वेळा रेश्माने उचलला आणि सांगितलं, "आये बोलत नाय म्हणते."